पाहुण्यांसाठी झाडलेला बांध

निवृत्तीला सहा महिने उरले होते. शेवटच्या सहलीत पोरांना आमच्या शेताचा बांध दाखवायचा, असं मी ठरवून टाकलं. लातूरची पोरं हुशार. फुलाचे भाग झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील, पण शाळेच्या कुंपणालगतचा आघाडा दाखवला तर म्हणतात, "सर, हे परीक्षेला आहे का?" माझं डोकंच फिरतं.

शेत निलंग्याजवळ आहे. कसतात थोरला भाऊ आणि वहिनी. मी फक्त रविवारी जातो आणि बांधावर ओणवा होऊन बघत बसतो. त्या बांधाचा एक पट्टा मी चार वर्षं राखला होता. तिथं फवारणी करायची नाही, विळा लावायचा नाही, यावरून भावाशी दोनदा कडाक्याचं भांडलो होतो. खाली ओलसर काळ्या मातीत निळा केना, मधे गुलाबी-पांढरा कुर्डू, वर मुरमाड टोकाला जमिनीला चिकटलेली विष्णुक्रांत. जमीन बदलली की फूल बदलतं, हे एवढ्याशा जागेत दिसायचं. फक्त कळलावी तेवढी आमच्या रानात मला कधी सापडली नव्हती. फळ्यावर मात्र तिचं चित्र मी तीस वर्षं काढत आलो होतो.

केना दुपारी मिटतो म्हणून पोरांना पहाटेच उठवलं, पालकांची बोलणी खाल्ली आणि पंचेचाळीस जण घेऊन बांधावर पोचलो.

बांध स्वच्छ होता. खुरपलेला, झाडलेला, वर सडा, सड्यावर रांगोळी. कडेनं बाजारातून आणलेली झेंडूची रोपं शिस्तीत उभी. आणि पदर खोचून वहिनी, तोंडावर मांडव घालून झाल्याचं समाधान.

"वहिनी, इथलं सगळं कुठं गेलं?"

"गवत व्हय? लई माजलं होतं. शाळा येनार म्हनल्यावर चार बाया लावल्या, मी बी बसले खुरपं घेऊन. पावन्यायला काय गवत दावायचं, भावजी?"

"पण गेलं कुठं?"

"म्हशीला टाकलं की."

मला खरोखर रडू आलं. काहीतरी तोडून बोलणार होतो, तेवढ्यात वहिनीच्या तळहातावरचे फोड दिसले आणि शब्द गिळले. पोरांना म्हणालो, "चला, गोठ्यात."

तास गव्हाणीपाशी झाला. मी कुर्डूचा तुरा उचलून "हे बघा" म्हणेपर्यंत म्हशीनं तो हातातून ओढून नेला. केना तर आधीच रवंथात होता. पुढच्या रांगेतल्या मुलीनं वहीत मन लावून लिहिलं, 'अधिवास: गव्हाण.' मी ते खोडलं नाही. माझी लायकीच तेवढी होती.

वहिनी दारातून बघत होत्या. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

"आगं बया! ह्येच दावायचं होतं व्हय? आदी सांगायचं न्हाई का? चला रे लेकरांनो, माझ्या मागनं."

ओढ्याच्या काठानं त्यांनी सगळ्यांना नेलं. धुण्याच्या दगडामागं काटेरी झुडपावर चढलेली ती उभी होती. लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्या. कळलावी. पोरं पुढं सरकली. मी चिखलात गुडघ्यावर बसलो.

"हात लावू नका रे, इखारी हाय," वहिनी म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासनं बघत आले हिला. कुनाला विळा लावू देत न्हाई. लई देखनी दिसती."

"वहिनी, मी जन्मभर शोधतोय हिला! कधी बोलला नाहीत ते?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुमास्नी गवताची आवड हाय, येवढं ठावं होतं, भावजी. फुलं बी आवडत्यात, हे कुठं ठावं?"