ते डॉक्टर नव्हते

नागपूरच्या विमानतळावर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. “मिलिंद दुखलं-खुपलं सांगत नाही गं. तिथं गेल्या गेल्या एक चांगला डॉक्टर धर आणि त्यालाच धरून राहा. दहा दारं हिंडू नका.” मी त्यांच्या पाया पडले. सार्सची साथ नुकतीच ओसरली होती; सिंगापूरला उतरल्यावर ताप बघूनच आत सोडलं. मला बाई कौतुकच वाटलं. एवढी काळजी घेणाऱ्या देशात कोण आजारी पडणार?

बुकित बातोकला फ्लॅट मिळाला. मिलिंद एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, लॅबला जायचा, आमची लेक रुही शाळेत रमली, शनिवारी आम्ही तिघं ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकली चालवायचो. हे कुणाला पाठवणार नाही, तरी मागे सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांना आज लिहायला लाज वाटते, पण आम्ही फार मजेत होतो.

तिसऱ्या वर्षी मिलिंदची पाठ दुखायला लागली. बसून बसून धरली असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं. लॅबमधल्या कुणीतरी एका ऑस्टिओपॅथचा पत्ता दिला. हा काय प्रकार म्हणून अमेरिकेतल्या दिरांना फोन लावला. ते म्हणाले, “अरे, आमच्या फॅमिली डॉक्टर ऑस्टिओपॅथच आहेत. औषधं देतात, त्यांच्यातले काही ऑपरेशनंही करतात. पूर्ण डॉक्टर असतात ते. खुशाल जा.” तिथलं ते खरंच होतं. इथला ऑस्टिओपॅथ मात्र हातांनी सांधे, स्नायू मोकळे करतो. औषध लिहून देत नाही, आजार शोधणं त्याचं काम नाही. भाऊजी, तुमचं काही चुकलं नाही. आम्हाला कुणी सांगितलं नाही, असंही म्हणता येत नाही. त्या ऑस्टिओपॅथनी स्वतःच सांगितलं होतं.

वयस्कर चिनी गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी मी “डॉक्टर” म्हणाले तर हात हलवून इथल्या लकबीत म्हणाले, “नॉट डॉक्टर, ला! ऑस्टिओपॅथ.” बाहेर आल्यावर आम्ही म्हटलं, केवढा नम्र माणूस! आपल्याकडे मोठी माणसं नाही नाही म्हणतात आणि आपण मान देतच राहतो ना, तसं. आम्ही डॉक्टरच म्हणत राहिलो. दिवाळीला मी त्यांना चिवडा नेऊन दिला.

त्यांनी हात फिरवला की दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या महिन्यात ते म्हणाले, “सेम पेन, नो गुड. गो सी डॉक्टर, टेक स्कॅन.” मिलिंदने मला विचारलं, “जाऊन येऊ का?” आणि मी म्हणाले, “यांच्या हाताला गुण आहे. कशाला दहा दारं?” हे मी म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी पॉलिक्लिनिकचं, म्हणजे सरकारी दवाखान्याचं, नाव कागदावर लिहून दिलं, तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. मिलिंद बारीक होत चालला होता, तर मी त्याला भातावर तूप वाढत होते. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

पाय बधिर झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये नेलं. मणक्यात गाठ होती, आणि ती मूळची तिथली नव्हती; कॅन्सर दुसरीकडून पसरत आला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पाच महिने कुणाला दाखवत होता?” मी म्हणाले, “डॉक्टरांना.” मिलिंदने त्यावरून मला कधीच बोल लावला नाही. आठ महिन्यांत गेला. लवकर आणलं असतं तर वाचला असता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अस्थी घेऊन दीर नागपूरला गेले. मी रुहीच्या शाळेचं निमित्त केलं. आता तीन वर्षं झाली. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आहे म्हणून राहता येतं, एका बालवाडीत नोकरी करते. रुही म्हणते, “नागपूर गो फॉर व्हॉट, ला?” आणि मला तेवढं कारण पुरतं.

सासूबाईंचा दर रविवारी फोन येतो. शेजारणी बसलेल्या असल्या की मुद्दाम मोठ्याने बोलतात, “परदेशातले मोठमोठे डॉक्टर होते माझ्या लेकाजवळ. सुनेने काही कमी पडू दिलं नाही.” त्या माउलीला तेवढाच आधार आहे. खरं सांगितलं तर तोही जाईल, आणि समोर बसून हे कौतुक ऐकून घेणं मला जन्मात जमणार नाही. शेवटी त्या हळूच विचारतात, “घरी कधी येतेस गं?” मी म्हणते, रुहीची परीक्षा आहे. घर अजून आहे हो माझं. तिथं जायला मला तोंड नाही.