लक्का आणि पारवा, एका बापाचे

माझ्या मामांनी दीड वर्ष माझ्याशी अबोला धरला होता. कबुतरांवरून.

आज सकाळी मामा गेले.

जन्मभर शहराच्या पूर्व भागात पॉवरलूमवर टॉवेल काढले आणि उरलेला सगळा वेळ गच्चीवर कबुतरांत घालवला. कबुतराचा पंख पसरून बघायचे आणि त्याचा आजा कोण ते सांगायचे. मामा 'रक्त चोख हाय' म्हणाले, की समोरचा पुढं काही विचारत नसे.

मी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. उत्क्रांती माझा लाडका चॅप्टर.

एका रविवारी गच्चीवर दहाबारा कबूतरवाले जमले होते. मी चहा घेऊन गेले आणि नको तिथं शहाणपणा केला.

म्हटलं, उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा तो दाढीवाला इंग्रजही कबुतरं पाळायचा. कबूतरवाल्यांच्या क्लबात जाऊन बसायचा. पिसारा फुलवणारा लक्का काय, हवेत कोलांट्या मारणारा गिरेबाज काय, सगळ्या जाती मुळात एकाच रानपारव्याच्या, हे त्यानं ओळखलं. माणसांनी हवी ती पिल्लं निवडून, जोड्या लावून त्या वेगळ्या केल्या.

मामांनी हातातला लक्का खाली ठेवला.

"माझा लक्का आन् मिलच्या भिंतीतला पारवा एका बापाचे? याड लागलंय काय तुला?"

"मामा, तिथले कबूतरवालेही हेच म्हणायचे. तेही चुकलेच होते."

सगळे हसले. मामा हसले नाहीत.

त्या दिवाळीत आमचा फराळाचा डबा जसाच्या तसा परत आला.

पुढं मामांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वर्षभर जिना बंद. शेजारी दाणापाणी बघायचे, पण त्यांनी खुराड्याच्या आतल्या कप्प्यांची दारं सताड उघडी ठेवली. सगळ्या जाती एकमेकांत मिसळल्या. पिल्लांना पिल्लं झाली.

मामा पहिल्यांदा वर चढले तेव्हा एका कप्प्यात दोन पिल्लं होती. निळसर राखाडी, पंखांवर दोन काळे पट्टे. हुबेहूब पारवा.

असली पिल्लं गुपचूप बाजारात देऊन टाकतात. नाव जातं ना. बाहेरचा पारवा शिरला असेल, असं म्हणूनही सुटता आलं असतं. पण बाहेरची जाळी मामांनी स्वतः तपासली. कुठंही फट नव्हती. म्हणजे पारव्याचं ते रूप त्यांच्याच चोख जातींच्या रक्तातून वर आलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्या कबूतरवाल्यांना बोलावलं. मलाही.

पिल्लू हातात धरून म्हणाले, "ही पोरगी खरं बोलली हुती. मीच चुकलो."

सगळे गेल्यावर मला थांबवून घेतलं.

"हितं मी जोड्या लावल्या. रानात कोण लावतं मग?"

"कोणीच नाही. जे तगतं, त्याचीच पिल्लं होतात."

त्यांनी आभाळाकडं बोट केलं. "म्हंजे तितं ससाणाच निवडतो की."

माझ्या एकाही स्टुडंटनं हे इतकं नेमकं सांगितलेलं नाही.

मग मी त्यांना उरलेली गोष्ट सांगितली. हे सुचल्यावर त्या माणसानं ते वीसेक वर्षं छापलंच नाही. दूरच्या बेटांवरून दुसऱ्या एका अभ्यासकाचं पत्र आलं, त्यात तोच विचार लिहिलेला, तेव्हा कुठं ते लोकांसमोर आलं.

मला वाटलं, मामा हसतील.

"मला तीन रात्री झोप न्हवती गं," ते म्हणाले. "त्यानं वीस वर्षं कशी काढली आसतील?"

त्यानंतर आम्ही रोज बोलायचो. पण एक गोष्ट बोलायची राहिली.

मी बरोबर होते, म्हणून मी कधी माफी मागितली नाही. दहा माणसांत त्यांचं हसं केलं, ती चूक माझीच होती.

आज सगळ्यांसमोर सांगते.

मामा, चुकले मी.

भरल्या मनानं निरोप.