खोटं लागलं

मी दुभाषी झाले ती एका नवऱ्यामुळे. तोही माझा नव्हे, माझ्या मायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही धुळ्याकडचं गाव सोडून सुरतेला आलो आणि नवागाममध्ये एका ओळीतली खोली भाड्यानं घेतली. वडील लूमच्या खात्यात लागले. कारखान्याला तिथं खातं म्हणतात. ओळीच्या टोकाला घरमालकीण राहायच्या, एकट्या, विधवा, अस्सल सुरती. सगळी ओळ त्यांना काकी म्हणायची. आम्ही सामान लावल्यावर त्या हसतमुखानं दारात आल्या आणि मायला म्हणाल्या, "नवरां छो, बेन?" गुजरातीत नवरं म्हणजे रिकामं. मोकळ्या असाल तर घटकाभर बसू, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मायनं पदर सावरला आणि अहिराणीत ठणकावून सांगितलं की नवरा एकच आहे आणि तो खात्यात गेला आहे.

मी तेव्हा चौथीत होते. गल्लीतल्या पोरींशी भांडता भांडता मला दोन-तीन महिन्यांत गुजराती यायला लागली, कारण भांडणात हरणं मला आजही जमत नाही. नवऱ्याचा उलगडा मीच केला. काकी हसून हसून दारापुढच्या ओटल्यावर, म्हणजे ओट्यावर, आडव्या झाल्या, माय लाजून घरात पळाली, आणि त्या दिवसापासून दोघींमध्ये बसायची जागा माझी ठरून गेली.

घरोघरी साड्यांचं काम यायचं. छापून आलेल्या साड्यांच्या मागचे सुटे धागे कापायचे, काठाला टिकल्या चिकटवायच्या. दुपारी माय आणि काकी काकींच्या ओटल्यावर साडी पसरून बसायच्या, एक पदराकडून, एक दुसऱ्या टोकाकडून. मी शाळेतून आले की मधोमध बसून इकडचं तिकडे करायची. माय म्हणायची, "तिले सांग, मिरची महाग व्हयनी." मी सांगायची. काकी त्यावर मिरचीपासून सुरुवात करून स्वतःच्या सासूपर्यंत जायच्या, आणि मी त्यातली सासू निम्मी गाळून मायला द्यायची. फुकटची नोकरी होती, पण रुबाब मोठा होता. या साड्या दुबईला जातात, लंडनला जातात, असं काकी सांगायच्या. मायला त्याचं काही वाटत नसे. साडी नेसायला कुणी इतक्या लांब जातं का, असं ती म्हणे.

माझी स्वतःची भाषा कुठली, हे मात्र कुणी विचारू नये. घरात अहिराणी, शाळेत बाईंची पुस्तकी मराठी, गल्लीत गुजराती, आणि वडिलांचे खात्यातले दोस्त आले की हिंदी. शाळेत मी एकदा "बाई, मी बारी उघाडू?" असं विचारलं, तर बाईंनी कपाळाला हात लावला. खिडकीला मराठीत खिडकीच म्हणतात, हे मला नव्यानं शिकावं लागलं. उन्हाळ्यात गावी गेलं की चुलतभावंडं मला गुजरातण म्हणून चिडवत, आणि सुरतेला परतलं की गल्लीतल्या पोरी मराठण म्हणत. मी दोन्हीकडे दोन्ही भाषांत शिव्या देऊन मोकळी व्हायची. एकंदरीत मजेत होते.

काकींची मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. दर रविवारी काकी धुतलेली साडी नेसून नाक्यावरच्या एसटीडीवर जायच्या आणि तिच्या फोनची वाट पाहत बसायच्या. मुलीशी बोलणं व्हायचं, मग नातू फोनवर यायचा. नातवाला गुजराती येत नव्हती. काकी नुसतं "हा बेटा, हा बेटा" करत राहायच्या आणि फोन ठेवल्यावर मला विचारायच्या, तो काय म्हणाला असेल? मी मराठी शाळेतली, इंग्रजी अजून सुरूही झालेली नव्हती. तरी मी फोनच्या दुसऱ्या बाजूनं कान लावायची आणि ठोकून द्यायची, की तिकडे पाऊस आहे आणि त्याला तुमच्या हातचं खायचं आहे. काकी खूश व्हायच्या. पोटासाठी पंडितही खोटं बोलतात, मी तर परतीच्या वाटेवरच्या बर्फगोळ्यासाठी बोलत होते.

मग श्रावण आला आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसायची ठरली. खानदेशातली ही देवी नारळाची असते. तिला नथ, दागिने, साडी घालून पाटावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत बोळवतात. गावाहून येणारी सगळी भाऊबंदकी आमच्या एका खोलीत मावणार कशी, ही मायची चिंता. ती काकींनी परस्पर मिटवली. स्वतःचं स्वयंपाकघर उघडून दिलं, मोठी पितळी परात काढली, अंगण स्वतः सारवलं आणि देवीच्या मागे लावायला आपली लग्नातली जरीची साडी आणून दिली. आमच्या काकूंपेक्षा जास्त धावपळ त्यांनीच केली.

रविवारी नैवेद्य झाला. पुरणाचे रोट परातीत रचले होते आणि त्यांचा वास ओळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत गेला होता. काकी हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि प्रसादासाठी ओंजळ पुढे केली.

माय जागच्या जागी थिजली. कानबाईचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. शेजाऱ्यापाजाऱ्याला, कितीही जवळचा असला तरी, ते द्यायचे नसतात. चूक तिची नव्हती आणि काकींचीही नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तिले सांग, आमना रोट परकासले देतस नही."

मी दुभाषी. जसं आलं तसं दिलं. "काकी, अमारा रोट पारकांने न अपाय."

परका आणि पारकां, शब्द तोच. काकींनी ओंजळ मिटली. थोडा वेळ त्या परातीकडे पाहत राहिल्या, ती त्यांचीच होती. मग माझ्याकडे न पाहता सरळ मायला म्हणाल्या, "मने खोटुं लाग्युं, बेन."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मायनं मला हातानं थांबवलं. "राहू दे. समजनं माले." तिचा चेहरा लाल झाला होता. काकी वळून घरी गेल्या, आणि मी गाणी सुरू झालेल्या बायकांत जाऊन बसले.

सोमवारपासून ओटला बंद. माय आमच्या दारात बसून धागे कापायची, काकी त्यांच्या ओटल्यावर. लांबलचक साडी एकटीनं सांभाळताना माय सारखी तिच्यात अडकायची, पण मदतीला हाक मारायची नाही. खोलीत ती बोलेनाशी झाली. गाव सोडल्यापासून तिला एवढं एकच माणूस मिळालं होतं, वडील तर पाळी करून आले की झोपत. मला दोघीही हव्या होत्या, आणि दोघींचाही राग यायचा. चांगलं चाललेलं माझं ऑफिस त्यांनी बंद पाडलं होतं.

पुढच्या रविवारी काकींनी मला मात्र नेहमीसारखं एसटीडीवर नेलं. नातू फोनवर आला, काहीतरी भरभर बोलला, काकींनी "हा बेटा" केलं. परत येताना मी पावसाचं सांगायला लागले, तर त्यांनी माझा हात दाबला. "रहेवा दे, दीकरी. त्यां पण पारकी ने अहीं पण पारकी." तिकडेही परकी आणि इकडेही. त्या दिवशी बर्फगोळा मिळाला, पण मला तो गोड लागेना. एवढ्या मोठ्या बाईचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहत होते आणि त्यांना परकी म्हणणारा आवाज माझा होता.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. माय फणकारली, "मंग माले खोटी काब म्हने ती? देवीना दारशी मी खोटं बोलसू?"

मला काहीच कळेना. काकी तिला खोटी कधी म्हणाल्या? मग डोक्यात उजेड पडला आणि मी इतकी हसले की धागे कापायला घेतलेली कात्री हातून पडली. खोटुं लाग्युं म्हणजे खोटं वाटलं असं नाही. म्हणजे मनाला लागलं, वाईट वाटलं. आठवडाभर माय ज्या शब्दावर धुसफुसत होती, तो तिला न कळणाऱ्या शंभर शब्दांतला नव्हताच. तो एकच शब्द तिला वाटलं आपल्याला येतो, आणि त्यानंच घात केला.

मला वाटलं तीही हसेल. ती हसली नाही. राग होता तोवर तिला बरं होतं, राग धरून ठेवता येतो. आता काकींचं दुखणं उघडं तिच्या पुढ्यात आलं. कितीतरी वेळ ती हातातल्या साडीवर अंगठा फिरवत राहिली. मग उठली, चुळा भरल्या, केस नीट केले आणि चालायला लागली. मी मागोमाग निघाले तर म्हणाली, "तू बस आठे."

मी बसले, पण दारातून मान बाहेर काढून. माय काकींच्या ओटल्यावर गेली, खालच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "काकी, तुमले खोटं लागनं. माले बी खोटं लागनं."

एवढंच. अहिराणी वाक्य, त्यात गुजराती दुखणं. काकींना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी सरकून जागा दिली आणि साडीचं एक टोक मायच्या मांडीवर टाकलं. मला हाक मारायचं दोघींनाही सुचलं नाही, याचा मला थोडा रागच आला.

पण बोलून शब्दाचा घोळ सुटला, रिवाज सुटला नाही. तो तसाच उभा होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कानबाई बसणार होती. रोटांसाठी दळायचे गहू मोजून घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. त्या श्रावणात आमचे मोठे काका पाटावर बसून नावं घेत होते आणि माय मुठी टाकत होती. नावं संपली तरी मायनं आणखी एक मूठ टाकली आणि वर पाव.

"हाई मूठ कोनी?" मोठ्या काकांनी विचारलं.

"काकीनी."

"ती तं बाई शे. मानूस मोजतस आपन."

माय मान वर न करता म्हणाली, "तिना घरमा तीच मानूस शे."

मला वाटलं आता देवी कोपणार, निदान मोठे काका तरी. ते पाटावर बसल्या बसल्या मिशीतून हसले आणि सूप पुढे ओढलं. वडिलांनी लगेच दुसरा विषय काढला. गहू सगळ्यांचे एकत्र दळले गेले, त्यात कुणाचे कुठले हे कुणाला सांगता आलं नसतं.

रविवारी काकी आल्या त्या ओंजळ करून नाही, पंगतीत पाट घेऊन बसल्या. मायनं त्यांच्या ताटात रोट वाढला. सगळी भाऊबंदकी घास थांबवून त्यांच्याकडे पाहत होती. काकींनी तुकडा मोडला, डोळे मिटून तोंडात घातला, सावकाश चावला, आणि डोळे उघडले.

"आ तो वेढमी छे," त्या म्हणाल्या. गुजराती घरात पुरणपोळीला वेढमी म्हणतात, त्या स्वतः महिन्यातून दोनदा करायच्या. "आटला सारु मने आखुं वरस तरसावी? ने गळपण ओछुं छे."

एवढ्यासाठी मला वर्षभर झुरवलं, आणि वर गूळही कमी. पंगतीत सगळे हसावं की नको अशा बेतात होते. मी सवयीनं भाषांतराला तोंड उघडलं, जरा मऊ करून सांगावं म्हणून. देवीच्या प्रसादाला नाव ठेवायची आमच्याकडे मोठ्या काकूंचीही छाती नव्हती. पण मायनं माझी वाट पाहिली नाही. ती काकींच्या ताटात दुसरा रोट वाढत म्हणाली,

"तं पुढला सालले गूय तुम्हीच नाखज्यात."