हमीदभाईंचे पाहुणे

माझे वडील पेणजवळच्या मिठागरावर राबायचे. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडायच्या, आई त्यांत मेण वितळवून भरायची, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच पाण्यात उतरायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी इंजिनियर झालो हे मी आजही छाती पुढे काढूनच सांगतो. पण पदवी मिळाली म्हणजे काम येतं असं नाही. काम मला शिकवलं हमीदभाईंनी, रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका छोट्या ऑफिसात. मागच्या महिन्यात त्यांची मुलगी सना हिचा फोन आला. "काका, अब्बा गेले. पहाटे फजरची नमाज पढून ओट्यावर बसले होते, चहा मागितला, आणि..."

हमीदभाई दापोलीकडचे. मी ऑफिसात रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोणाचा रे तू?" मी मिठागराचं सांगितलं. म्हणाले, "मग बस इथे शेजारी. मी खलाशाचा पोरगा, तू मीठवाल्याचा. समुद्राने पोसलं, आता वाळू पोसतेय." त्यानंतर दर शुक्रवारी मी त्यांच्या खोलीवर जेवायला. माशाचं सार ते स्वतः करायचे आणि मी कोकम जास्त मागितलं की म्हणायचे, "कोकम तुझ्या पगारातून कापीन हां!"

यान्बूच्या कारखान्यांतल्या टाक्यांमध्ये पाणी किती आहे ते बघून पंप चालू-बंद करणारे प्रोग्राम आमची कंपनी लिहायची. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारं जे साधन असतं त्याला कंपायलर म्हणतात. काही संशयास्पद दिसलं तर तो वॉर्निंग देतो, म्हणजे काम अडवत नाही पण टोकतो. आता टाकीतले मीटर असायचे परदेशी कंपन्यांचे. त्या कंपन्या मीटरसोबत आपल्या फाइल्स द्यायच्या, त्यांना हेडर म्हणतात, आणि त्या आमच्या कोडमध्ये घ्याव्याच लागायच्या. त्या इतक्या गबाळ्या लिहिलेल्या असत की कंपायलर एकदा बोलायला लागला की थांबायचाच नाही. पडदा भरून वॉर्निंग वाहायच्या. त्या धबधब्यात आमची स्वतःची एखादी चूक असली तरी दिसायची कोणाला? फक्त हमीदभाईंना. ते चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघायचे आणि मध्येच बोट ठेवायचे, "ही आपली. बाकी त्यांच्या."

मी नवा होतो, मला घाई. म्हटलं, सगळ्या वॉर्निंग बंदच करून टाकू, एका शब्दाचं काम आहे. ते म्हणाले, "पाहुणे बडबडतात म्हणून स्वतःचे कान कापून घेतोस काय?" मग म्हटलं, त्यांच्या फाइल्स आपणच दुरुस्त करू. तर म्हणाले, "पाहुण्याची दाढी आपण करायची नसते, संतोषा. पुढच्या खेपेला तो वाढवूनच येणार." ते खरंच होतं. मीटरवाल्यांची नवी फाइल आली की आमच्या दुरुस्त्या पुसल्या जायच्या.

मग सौदीकरणाचे दिवस आले. कंपन्यांना सरकारकडून हिरवा, पिवळा, लाल असे रंग मिळाले. सौदी माणसं पुरेशी नसतील तर रंग बिघडायचा आणि परदेशी लोकांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, वाढवणं अवघड व्हायचं. आमची कंपनी पिवळ्यात गेली. मालकांनी घाईने नवाफ नावाचा एक तरुण सौदी इंजिनियर घेतला आणि हमीदभाईंना बोलावून स्पष्ट सांगितलं, "याला काम शिकव. वर्षाअखेर त्याला एकट्याला जमलं, तर तू घरी जा. नाही जमलं, तर तुझा इकामा मी वाढवतो." मालक वाईट नव्हते. त्यांना एकाच कामाचे दोन पगार परवडत नव्हते, इतकंच. पण सना तेव्हा कोल्हापुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. हमीदभाईंच्या घराण्यातली पहिली डॉक्टर व्हायची होती ती.

आमच्याकडे खरेदी बघणारे देशमुख जेवताना त्यांना म्हणाले, "हमीदभाई, तुमची नोकरी त्या वॉर्निंगच्या कचऱ्यात आहे. तो कचरा तुमच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. राहू द्या तसाच! तो पोरगा डोकं धरून बसेल, तुमचा इकामा पक्का." खोटं सांगायचं नाही, मलाही ते पटलं होतं. आखातातल्या आमच्या जुन्या लोकांची ही रीतच होती. काम शिकवायचं, पण त्याची एक किल्ली आपल्या खिशात ठेवायची. हमीदभाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "देशमुख, पोरगी तिकडे माणसं बरी करायला शिकतेय. तिच्या फीसाठी मी इथे एकाला आंधळा ठेवू?" देशमुख हसले. "मग जा गावाला, सुपाऱ्या मोजा."

दुसऱ्या दिवशी हमीदभाई कामाला लागले. बाहेरच्या सगळ्या हेडर फाइल्स त्यांनी आमच्या कोडमधून उचलून एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. त्याचं नाव त्यांनी ‘पाहुणे’ ठेवलं, इंग्रजी अक्षरांत. मग कंपायलरला सांगून ठेवलं की या फोल्डरमधल्या फाइल्स तुझ्या घरच्याच समज, त्यांच्यावर बोलू नकोस. बाकी आपल्या कोडला मात्र एकही चूक माफ करू नकोस. अशी सोय कंपायलरमध्ये आधीपासून होती. आम्ही कोणी वापरली नव्हती, कारण वापरायची कोणाला गरज वाटली नव्हती.

नवाफ त्यांना ‘अम्मी’ म्हणायचा, अरबीत त्याचा अर्थ माझे काका. हमीदभाई मला म्हणायचे, "बघ रे, या वयात आई झालो!" त्या दिवशी नवाफने पहिल्यांदा एकट्याने कंपायलर चालवला. पडदा जवळजवळ रिकामा. मोजक्याच वॉर्निंग उरल्या होत्या आणि सगळ्या आमच्या. एका ओळीवर तो अडला. मीटर बिघडला की तो उणे एक हा आकडा पाठवायचा. आमच्या कोडमध्ये त्याची तुलना ज्या आकड्याशी केली होती तो उणे असूच शकत नव्हता, त्यामुळे यंत्राच्या हिशेबात उणे एकाचा प्रचंड मोठा आकडा व्हायचा. म्हणजे मीटर बंद पडला की टाकी काठोकाठ भरलेली समजून पंप सुरूच होणार नाही. नवाफ चाचरत म्हणाला, "अम्मी, ही चूक आहे का, की मला कळलं नाही?" हमीदभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. ओळ त्यांचीच होती, कित्येक वर्षांची. धबधब्यात त्यांच्या नजरेतूनही सुटलेली.

"चूक आहे. माझी आहे. आणि तू पकडलीस! यल्ला, चल, उठ."

त्याला दंडाला धरून ते थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले. मी दाराशी होतो. तिथे ते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. चूक दुरुस्त झाली असती आणि कोणी पकडली हे कोणी विचारलंही नसतं. पण त्यांनी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "याला आता माझी गरज नाही." मालकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हमीद, तुला कळतंय ना तू काय बोललास?"

"कळतंय. खलास."

इकामा वाढला नाही. विमानतळावर नवाफ सामान ढकलत होता आणि हमीदभाई त्याला पंपांबद्दलच काहीतरी सांगत होते... माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा इकामा आहे तोवर शिकवत राहा. किल्ली खिशात ठेवू नकोस, जड होते." पुढे पुण्यात मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत ते मुलाखतीला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी रियाधला फोन लावला. नवाफ त्यांच्याशी इतका वेळ बोलला की नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली. पगार कमी होता. हमीदभाई एका खोलीत राहिले, डबा खाल्ला, आणि शुक्रवारचं माशाचं सार महिन्यातून एकदा गावी गेल्यावरच केलं.

मागच्या आठवड्यात मी दापोलीला त्यांच्या घरी गेलो होतो. नवाफलाही तिथूनच फोन लावला. आता तो रियाधच्या कंपनीत प्रोग्राम लिहिणाऱ्या खात्याचा प्रमुख आहे आणि त्याच्या हाताखालचे सगळे इंजिनियर त्यानेच शिकवलेले आहेत. सना मला चहा देऊन लगेच निघाली, तिची तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ड्यूटी होती. तिच्या शिक्षणाचं एकही वर्ष चुकलं नाही. हमीदभाईंच्या घराण्यातली ती पहिली डॉक्टर आहे.