झूराकान-एजेंचा खुला पाठ

परक्या भाषा शिकवणाऱ्यांच्या आमच्या संघटनेच्या ऑफिसात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर झूराकान-एजेंचा मोठा फोटो लावलाय. अंगावर निळा मखमली चपान, म्हणजे आमच्याकडचा लांब झगा, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि चेहऱ्यावर अगदी पोटातून आलेलं हसू. नव्या पोरी येतात, फोटोकडे बघतात आणि म्हणतात, किती समाधानी बाई असतील नाही. मला वाटतं, एकेकीला खुर्चीवर बसवावं आणि सांगावं की बयांनो, ते समाधान नाही. पण त्यांना वेळ कुठाय? त्यांना प्रमाणपत्रावर शिक्का हवा असतो. म्हणून इथं सांगते.

आमच्याकडे शाळेतल्या सगळ्याच बाईंना एजे म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. पण आमच्या खोऱ्यात नुसतं ‘एजे’ म्हटलं की झूराकानच. उंच, हडकुळ्या, आणि आवाज असा की पलीकडच्या उतारावरची मेंढरंसुद्धा मान वर करतील. शिकवायच्या जर्मन. लहानपणी त्यांच्या शेजारी एर्ना नावाची जर्मन बाई राहायची, लढाईच्या काळात मालगाडीत कोंबून ज्यांना इकडे आणून टाकलं त्यांच्यातली. तिच्या अंगणात बटाटे सोलता सोलता एजे ती भाषा बोलायला लागल्या, मग राजधानीत, तेव्हाच्या फ्रुंझेला, जाऊन रीतसर शिकल्या. पुढे देश फुटला आणि एर्ना लेकरांबाळांसकट जर्मनीला निघून गेली. एजे स्वतः मात्र जन्मात जर्मनीला गेल्या नाहीत. का, तेही येईल.

देश फुटला तसे पगार बंद पडले. पगाराऐवजी कधी पीठ मिळायचं, तर कधी चक्क व्होडकाच्या बाटल्या. निम्मे मास्तर बाजारात चिनी चपला विकायला बसले. लोकांना खायची भ्रांत होती आणि या बाईंनी काय काढावं, तर परक्या भाषा शिकवणाऱ्यांचं मंडळ! महिन्यातून एका शनिवारी कुठल्या तरी गावच्या शाळेत जमायचं. कोणी घोड्यावरून यायचं, कोणी दूधवाल्याच्या ट्रकमधून. मी शिकवते रशियन. ती कालपर्यंत मालकीण होती, आता तीही परकीच झाली, तेव्हा तूही ये, असं म्हणून मला ओढलं.

रीत अशी की एकीनं आपल्या वर्गावर पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून बघायचं. पाठ संपून पोरं घरी गेली की टेबलावर कणकेचे तळलेले गरम बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा मांडलेला असायचा, चहाच्या पाण्याचा समोवार खदखदत असायचा, पण कुणी हात लावायचा नाही. एजेंचा नियमच होता, आधी खरडपट्टी, मग चहा. जिनं पाठ घेतला तिनं उभं राहायचं आणि सगळ्यांनी तिच्या चुका तोंडावर सांगायच्या. ती आपल्या तोंडानं ‘बरोबर’ म्हणेपर्यंत चहा ओतला जायचा नाही. आणि मग पहिला पियाला तिलाच, एजेंच्या हातून. मी तिथं दोनदा रडलेय. पण आज मला जे काही शिकवता येतं ते त्या थंडगार वर्गांत शिकले, कॉलेजात नाही.

बेगायिम आली तेव्हा पोरगेलीच होती, एजेंच्याच हाताखाली शिकून मास्तरीण झालेली. तिच्या पहिल्या खुल्या पाठाला तिनं प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाचे हात वर. आम्ही मागे बसून गालात हसत होतो, कारण ही युक्ती आम्हाला आमच्या शाळेपासून ठाऊक. पाहुणे यायच्या आधी मास्तर पोरांना सांगून ठेवतो की सगळ्यांनी हात वर करायचा, उत्तर येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. पाहुण्यांना वाटतं, काय हुशार वर्ग आहे, आणि मास्तर बरोबर उजव्या हातवाल्यांना उठवतो. मीही करते. न करणारा मास्तर मला या खोऱ्यात दाखवा. फक्त एजे करत नसत. त्या तर उलट सगळ्यात कच्च्या पोराला आधी उठवायच्या आणि त्याचं उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या.

त्या दिवशी बेगायिमच्या खरडपट्टीला एजे एवढंच म्हणाल्या, “डावे हात उजव्यांपेक्षा जास्त होते. त्यांना कोण शिकवणार?”

बेगायिम ओक्साबोक्शी रडली. ‘बरोबर’ म्हणाली, पण चहा काही तिच्या घशाखाली उतरला नाही. एजेंनी तिला घरी नेलं, आणि पुढे तीन हिवाळे रोज संध्याकाळी समोर बसवून घडवलं. मंडळाला जर्मनीतल्या उन्हाळी वर्गाची एक जागा आली होती. नाव एजेंचं लागलं होतं, कपड्यांची पेटीसुद्धा काढून ठेवली होती त्यांनी. आणि ऐनवेळी म्हणाल्या, मी आता तिथं जाऊन काय नवं शिकणार, हिला पाठवा. बेगायिम गेली. परत आली ती इंग्रजीही शिकायचं ठरवूनच, आणि त्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोटापाण्याचं ज्याला त्याला बघावं लागतं.

वर्षं गेली. बाहेरच्या देशांतून पैसा आला, मंडळाची नोंदणी होऊन संघटना झाली, आणि बेगायिम तिची प्रमुख. आता सभा तळ्याकाठच्या हॉटेलात. गळ्यात नावाचे बिल्ले, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, मध्येच उठून टाळ्या वाजवत गोल फिरायचं, शेवटी फुग्यांखाली फोटो. आणि खरडपट्टी? ती बंद. परदेशी पाहुण्यांनी नवीन रीत घालून दिली, दोन कौतुकं करायची आणि एक सूचना, तीही हसत. एजे मागच्या रांगेत बसून शेंगदाणे खायच्या आणि मला विचारायच्या, “उमसुन, आज कुणी काही शिकलं का गं?” मी म्हणायचे, जेवण चांगलं होतं एजे.

मग आमच्या, म्हणजे एजेंच्या नि माझ्या शाळेत गाडं अडलं. पालक इंग्रजी मागायला लागले. पोरं परदेशात जाणार, हॉटेलांत लागणार, तिथं जर्मन कोण विचारतंय? मुख्याध्यापक शार्शेन भला माणूस, पण कणा नाही. त्यानं विषय शिक्षण खात्याकडे ढकलला आणि खात्यानं संघटनेकडे. ठरलं असं, की संघटनेची शरदातली सभा आमच्या शाळेत घ्यायची, एजेंनी सहावीवर खुला पाठ द्यायचा, आणि तो बघून बेगायिमनं खात्याला कळवायचं की जर्मन ठेवावी की बंद करावी. आजूबाजूच्या सगळ्या शाळांतून ती आधीच गेली होती. इथून गेली की खोऱ्यातून गेली.

एजेंना काडीची भीती नव्हती. मला म्हणाल्या, “बेगायिमला मी शिकवलंय पाठ कसा बघायचा. ती बघेल.”

पाठाच्या दिवशी मी मागच्या बाकावर, शार्शेनच्या शेजारी. पुढे राजधानीचे पाहुणे, मध्ये बेगायिम. एजेंनी ठेवणीतला काळा ड्रेस घातला होता. पहिला प्रश्न विचारला आणि अख्ख्या वर्गाचे हात वर गेले.

एजे थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. त्यांनी हे शिकवलं नव्हतं. पोरांनी आपापसात ठरवलं होतं, आमच्या बाकीच्यांच्या तासांना शिकलेली अक्कल पाजळून. त्यांना कुठून तरी कळलं होतं की आज एजेंची परीक्षा आहे, आणि आपल्या मतीप्रमाणं पोरं एजेंना वाचवायला निघाली होती. तिसऱ्या बाकावर कुंदूझ बसली होती, वर्गातली सगळ्यात कच्ची पोर. जिला एजे रोज पहिल्यांदा उठवायच्या, तिचा डावा हात सगळ्यांत उंच होता, आणि तोंडावर असा काही उत्साह की विचारू नका.

एजेंनी तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. आणि मग पहिल्या बाकावरच्या, उजवा हात वर केलेल्या मुलाला उठवलं.

त्यानं घडाघडा सांगितलं. मग दुसरा उजवा, मग तिसरा. पाठ असा सुरेख वाहत गेला की पाहुणे एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. शार्शेन माझ्या कानाशी लागला, झालं काम, जर्मन राहिली. मी एजेंकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्या बाईला कुणाला टाळताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्या पाऊण तास कुंदूझला टाळत होत्या.

पोरं बाहेर गेली. टेबल मांडलेलं होतं, बोरसोक मीच पहाटे तळले होते. पाहुण्यांनी दोन कौतुकं केली, एक सूचना केली, हसत. मग बेगायिम उठली. पांढरीफटक पडली होती ती.

“एजे, तुमच्या जुन्या रीतीनं बोलू?”

“बोल.”

“डावे हात उजव्यांपेक्षा जास्त होते.”

पाहुण्यांना कुणीतरी हळू आवाजात युक्ती समजावून सांगितली, तशा त्यांच्या भुवया वर गेल्या. माझं डोकं फिरलं. मी उठले, सांगणार होते की पोरांचं काम आहे हे, यांना पत्तासुद्धा नव्हता, विचारा जाऊन त्या कार्ट्यांना. सांगितलं असतं तर पोरांना दारातून परत बोलावून पाहुण्यांसमोर उभं केलं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एजेंच्या आलं.

“उमसुन, खाली बस,” त्या म्हणाल्या. मग बेगायिमकडे वळल्या. “बरोबर. पाठ माझा होता.”

आणि मग काय केलं माहीत आहे? पियाला घेतला, चहा ओतला, आणि रीतीनं तो ज्याला मिळायचा त्याला, म्हणजे स्वतःलाच दिला. उभ्या उभ्या प्यायल्या. बेगायिमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण शब्द तिनं मागं घेतला नाही. तिला दगलबाज म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. मला तिचा राग येतो तो वेगळ्याच कारणानं. ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. इतक्या वर्षांत त्या संघटनेत कुणी कुणाला खरं बोललं नव्हतं, सगळ्यांची दोन-दोन कौतुकं झाली होती, आणि खरं बोलायला यांना नेमकी तीच एक बाई सापडली.

आम्ही व्हरांड्यात आलो तर पोरं घरी गेलीच नव्हती. कोट चढवून भिंतीला टेकून उभी होती, गालांत हसत, मोठा पराक्रम केल्यासारखी. कुंदूझ पुढं आली.

“एजे, वाचली ना जर्मन?”

एजेंनी तिच्या टोपीची गाठ सोडली, पुन्हा नीट बांधली.

“वाचली. छान केलंत. जा आता, गारठा पडलाय.”

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर वेळापत्रकात जर्मन नव्हती. कुंदूझनं ते पाहिलं, आणि नंतर एजे रस्त्यात दिसल्या की ती पलीकडच्या बाजूनं जायची. जर्मन गेली याहून एजेंना ते जास्त लागलं. मला एकदाच म्हणाल्या, “रोज पहिली उठवायचे तिला. त्या दिवशी एकदा उठवायला हवं होतं गं. चुकत माकत बोलली असती. जर्मन तशीही गेलीच असती.”

वसंतात हॉटेलात वार्षिक सोहळा झाला. आमच्यात कुणाचा मान करायचा तर त्याच्या अंगावर चपान घालतात, आणि कुणाला घरी बसवायचं असलं तरीही चपानच घालतात. बेगायिमनं स्वतःच्या हातांनी तो निळा मखमली चपान एजेंच्या खांद्यांवर घातला. एजे नको म्हणाल्या नाहीत. हडकुळ्या अंगावर तो असा लोंबत होता की मला बघवेना. फोटोवाला सरसावला. बेगायिमनं माइक घेतला आणि सभागृहाला म्हणाली, “ज्यांना ज्यांना एजेंनी घडवलं, त्यांनी हात वर करा.”

दोनेकशे हात वर गेले. मंडळ कधी न पाहिलेल्यांचे, एजेंच्या आडनावाचा पत्ता नसलेल्यांचे, खात्याच्या साहेबांचा, शार्शेनचासुद्धा. फोटोसाठी सगळे हात अगदी ताठ. एजे त्या हातांकडे बघत राहिल्या, ओठ घट्ट मिटून. मी तिसऱ्या रांगेत होते. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली आणि मी हात वर केला.

डावा.

एजेंनी तो पाहिला. मग आजूबाजूच्या हातांवरून नजर फिरवली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि खळखळून हसल्या. त्या शरदापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात फोटोवाल्यानं बटण दाबलं. पुढच्या हिवाळ्यात एजे गेल्या, आणि बेगायिमनं तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला, कारण त्यात त्या समाधानी दिसतात.