ठसका म्हणजे वास नव्हे

मी ज्या कंपनीत काम करते तिथं वास बनतात. आइस्क्रीमला, बिस्किटाला, हाताला लावायच्या क्रीमला जो वास येतो तो दुधाचा किंवा फळाचाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो आमच्यासारख्यांकडून डब्यात भरून गेलेला असतो. त्यातलंच एक डेल्टा डेकालॅक्टोन. दिसायला पाण्यासारखं, हाताला किंचित तेलकट. सरळ बाटलीतून हुंगलं तर नुसतं जड लागतं, काही उमगत नाही. पातळ करून कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा, जरा थांबायचं, मग ते खुलतं.

नोकरी नवी होती तेव्हा साहेबांनी आम्हा सगळ्या नव्यांना ती पट्टी देऊन विचारलं, कशाचा वास आहे? कोणी म्हणालं पीच, कोणी म्हणालं नारळाचं दूध. पीच मी तोवर खाल्लेलं नव्हतं आणि न खाल्लेल्या फळाचं नाव सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणाले, "सर, म्हशीचं दूध आटायला लागलं की कढईच्या काठाला साय चिकटते ना, तिचा."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. दुधाच्या फॅटमधून हे सुटतंच, तापवलं की."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. पण त्या दिवशीचं उत्तर कॉलेजचं नव्हतं, ते मायच्या कढईचं होतं. कुरुंद्याच्या बाजूला आमचं गाव. थोडी हळद, दोन म्हशी आणि मायचा खवा. वसमतचा एक मिठाईवाला तिचाच खवा घ्यायचा, दुसऱ्याचा आला तर परत पाठवायचा.

मी तिला फोनवर त्या वासाचं नाव सांगितलं.

"लेकटोन?" माय म्हणाली. "लेकीचंच काई तरी हाय म्हण की."

"लॅक्टोन, माय. दुधाचा वास."

"वास इकून राहिले व्हय तुमी? अन् दूध कुठंय?"

"दूध नसतंच त्यात."

"मंग लबाडीच की गं ती."

"लबाडी न्हाई, केमिस्ट्री हाय."

"एकच ते," मागून बा ओरडला, आणि दोघंही हसत बसली.

पुढच्या थंडीत मायला ताप आला. चार जणांना आला तसाच, चार जणांचा गेला तसाच गेला. अंगात ताकद आली, जेवण सुरू झालं, खवाही सुरू झाला. मग एक दिवस मिठाईवाल्यानं खवा परत पाठवला. खव्याला करपट वास येतोय म्हणाला. मायला राग आला. दुसऱ्या वेळी तिनं नवं तुराट्यांचं जळण घेतलं, आच कमी ठेवली, हात एक क्षण थांबू दिला नाही. तोही परत आला. तेव्हा बानं खव्याचा गोळा नाकाशी नेला आणि हळूच म्हणाला, "अगं, लागलाय की हा. तुला येऊन नाही राहिला का वास?"

आमच्याकडं दूध तळाशी धरलं की 'लागलं' म्हणतात. खवा करणारी बाई डोळ्यानं कमी आणि नाकानं जास्त बघते. रंग बदलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आधी कच्चा वास जातो, मग सायीचा येतो, त्यात जरासा भाजका मिसळतो, आणि त्याच्या पुढं गेलं की लागलं. माय ते कधी शिकली नव्हती, तिला ते यायचं. आता येईना.

मी सुट्टी टाकून गेले तेव्हा गावात हळद शिजवायचे दिवस होते. यष्टीतून उतरले तशी त्या उग्र, मातकट वाफेनं छाती भरली. घरी आल्यावर मायनं पहिलं काय विचारलं असेल तर, "गावात हळद शिजून राहिली म्हणत्यात, व्हय का?" तिच्या दारासमोरून वाफ चालली होती.

हिंगोलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. माणूस चांगला होता. नळी घालून पाहिलं, मग म्हणाले, "मावशी, आत काही अडलेलं नाही. तापात वासाची नस दुखावते. कोणाची भरून येते, कोणाची नाही येत."

"गोळी द्या ना एखादी," माय म्हणाली.

"याला खात्रीची गोळी नाही. रोज ओळखीचे वास घ्यायचे. लवंग, लिंबू, काय असेल ते. मन लावून. नाकाला शिकवायचं पुन्हा."

आम्ही यष्टी स्टँडवर आलो. माय म्हणाली, "लहानपणी शाळंत घातलं न्हाई बापानं. आता नाकाला शाळंत घालून राहिले."

मला मात्र बळ आलं. नाकाला शिकवणं हेच तर माझं काम. मायला हुंगवून पाहावं म्हणून, साहेबांना विचारून मी येतानाच लॅक्टोन पातळ करून एक लहान बाटली आणली होती, सोबत पट्ट्या. रोज सकाळी म्हशीची धार काढून झाली की माय ओट्यावर बसायची. आधी लवंग, मग लिंबाची साल, मग ही पट्टी. डोळे मिटायची, लांब श्वास घ्यायची. मी विचारायचे, "आला?"

सुरुवातीला "न्हाई." मग "जरासा." मग एका सकाळी, "आला. सायीचा."

बा गोठ्यातून धावत आला. मी पण हरखले. पण आमच्या कामात एक रीत आहे. वास घेणाऱ्याला मधूनच कोरी पट्टी द्यायची, काही न लावलेली, म्हणजे मन आपल्याला फसवतंय का ते कळतं. मलाही देतात, कोणाला त्यात वाईट वाटत नाही. दुसऱ्या सकाळी मी मायला कोरी पट्टी दिली.

तिनं डोळे मिटले. श्वास घेतला. चेहरा असा सैल झाला तिचा. म्हणाली, "आला. सायीचाच. आज तर कालच्यापेक्षा चांगला येऊन राहिला."

मी पट्टी परत घेतली. "चांगलंय," म्हणाले.

शेजारची काकू तोवर रोज येऊन हे सगळं पाहत होती. तिचं म्हणणं वेगळंच होतं. "कागद हुंगून काय व्हतं गं? हिच्या हातचा खवा कधी लागला व्हता का आजवर? आता लागून राहिला. म्हंजे हिलाच लागली कोणाची तरी. दिष्ट काढा."

"काकू, हा नसेचा आजार हाय," मी म्हणाले.

"व्हय, तू शिकलीस. पण मीठमिरचीनं नस तर तुटत न्हाई ना?"

माय लगेच तयार झाली. मी तिच्याकडं पाहिलं आणि मला कळलं, तिला दिष्टच हवी होती. नस म्हटलं की कोणाच्या हातात काही नाही, डॉक्टरच्याही नाही. दिष्ट असली तर ती काढता येते.

काकूनं मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मायवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. आता, रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मोठी दिष्ट असेल तर मिरच्या जळाल्या तरी ठसका येत नाही, म्हणून सगळे चुलीकडं टक लावून बसलो. आणि धूर असा उठला की बा खोकत बाहेर पळाला, काकूनं पदर तोंडाला लावला, माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. सगळ्यांत जास्त खोकली माय. खोकता खोकता हसायला लागली.

"आला! वास आला गं! मिरचीचा वास आला मला!"

काकू मात्र हिरमुसली. "ठसका आला म्हंजे दिष्ट नव्हतीच की."

"नसू दे! वास तर आला!" माय उठली, डोळे पुसले आणि सकाळच्या धारेचं सगळं दूध कढईत ओतलं. बाला म्हणाली, "मिठाईवाल्याला फोन लावा. म्हणावं, उद्या खवा येतोय."

बा फोन शोधायला लागला. मी म्हणाले, "थांबा जरा, बा."

वासाची नस वेगळी आणि झोंबण्याची वेगळी. मिरचीचा धूर झोंबतो. ज्याला कसलाच वास येत नाही त्यालाही ठसका लागतो. हे मला माहीत होतं, आणि चुलीवर दूध तापत होतं. सांगितलं नाही तर खवा तिसऱ्यांदा परत येणार होता आणि मिठाईवाल्याचा दरवाजा कायमचा बंद होणार होता.

"माय, तो वास नव्हता. तो चटका होता. नाकाला झोंबलं, एवढंच."

तिचा हात कढईत फिरत राहिला. "मंग वास कसा असतो?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती.

मला या कामाचा पगार मिळतो. वासाला शब्द द्यायचे, हेच मी करते. मी म्हणाले, "गुळगुळीत असतो. गोडसर. सायीसारखा, त्याला जरा पिकल्या फळाची झाक."

"ते तुझ्या कंपनीचं झालं. लागून राहिलं का न्हाई, तेवढं सांग."

"न्हाई अजून."

"मला मनातून ठाऊक व्हतं," ढवळता ढवळता ती म्हणाली. "कागदाचा पण कधी आला न्हाई. तुझं तोंड लई उतरून राहिलं व्हतं रोज, म्हणून म्हणायची आला, आला."

मी वाकून वाफ हुंगत राहिले. सायीचा वास आला, भाजका आला, तिला सांगत गेले. पण त्याच वाफेत जरा वेळ उभं राहिलं की कोणाचंही नाक थकतं, माझंही थकलं. मग माझ्याच सांगण्यावर माझा भरवसा राहिना. भीती वाटून मी म्हणाले, "काढ आता." तिनं काढलं. खवा कच्चाच राहिला, ओला आणि पांढरा. साखर घालून आम्हीच खाल्ला. बा म्हणाला, "झकास झाला." माय म्हणाली, "तुमालाबी वास येऊन न्हाई राहिला व्हय?"

दुसऱ्या सकाळपासून दूध डेअरीत जायला लागलं. तिथं यंत्रात फॅट बघतात, वास कोणी घेत नाही. मी बाटली सोबत घेऊन निघाले, मायनंच सांगितलं, उगाच कोणाच्या पोटात जायची. पिशवी भरत होते तेव्हा काकू आली. तिच्या माहेरी लग्न होतं, मोठी कढई पाहिजे होती.

खव्याची ती कढई मायनं आजवर कोणाला दिलेली नव्हती. तिनं ती राखेनं घासली, पालथी घालून पाणी निथळू दिलं आणि काकूच्या हातात दिली.

"लग्न झालं की आणून देते," काकू म्हणाली.

"असू दे," माय म्हणाली. "घाई न्हाई."