झाकलेले वण

वडिलांनी मारलं की वण पुसट होईपर्यंत आई घराबाहेर पडायची नाही. मजुरीला खाडा पडायचा, मग चहात साखर नसायची. माहेरी जायचं तर आधी आठवडाभर हळदीचा लेप. "अशी गेले तर तुझ्या मामाची मान खाली जाईल," म्हणायची. मामा तिचा धड चेहरा बघून म्हणायचा, "ताई, सुखात आहेस की!"

काल तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक पोरगी बघितली. ओठ सुजलेला, दंडावर बोटं उमटलेली. सोबतची मावशी पुटपुटली, "अगं, नळावर तोंड तरी धुऊन ये. माणसं बघतायत."

"बघू देत ना मावशी. त्यासाठीच आलेय."

मी बघतच राहिले. आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली, आणि त्याचा तोरा मला आजही आहे. मार खाणाऱ्या बाईला त्याच घरात राहायचा हक्क आहे, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तरी सुट्टीत घरी आले की आईला हळद उगाळून मीच द्यायचे. जे वण डॉक्टरला दाखवून कागदावर आणायला हवे होते, तेच झाकायला मी मदत करायचे. शिकले खरी, पण घरची लाज सुटली नव्हती. आईला कायदा सांगायला मला सहा वर्षं लागली. ऐकून ती एवढंच म्हणाली, "आधी का नाही बोललीस गं?"

गेल्या वर्षी कोर्टाचा हुकूम निघाला. वडिलांनी आईवर हात उगारायचा नाही आणि तिला घराबाहेर काढायचं नाही. आई तिच्या घरात राहते.